नदीच्या अलीकडे

अकोल्याचं जुनं शहर मोर्ना नदीच्या पश्चिम काठावर आहे. असदगडाचा किल्ला, राजराजेश्वराचं मंदिर, दहीहंडा वेस, अगर वेस, पोळा चौक, हरिहरपेठ हे सगळं नदीच्या अलीकडे. कचेऱ्या, रेल्वे स्टेशन, मोठा बाजार नदीच्या पलीकडे. त्यामुळे आमच्यासाठी सरकार म्हणजे आधी पूल ओलांडायचा, मग रांगेत उभं राहायचं. त्याच्या पलीकडे नागपूर, मग मुंबई, मग दिल्ली. जन्म याच बाजूला गेला. आपलं आपण काय करू शकतो आणि कुठे आपलं चालत नाही, याबद्दल इतक्या वर्षांत जे उमगलं ते इथे मांडतो आहे. तुमच्या गावातली नदी वेगळी असेल, देऊळ वेगळं असेल. बाकी फार फरक पडणार नाही असं वाटतं.

१. सरकार लांब असल्याचं दुःख आम्हा वऱ्हाडकरांना वारशात मिळालं आहे. हा मुलूख निजामाचा, म्हणून हुकूम हैदराबादेतून यायचे. १८५३ साली तो इंग्रजांच्या हाती गेला, तरी वरची सत्ता हैदराबादच्या रेसिडेंटकडेच राहिली. १९०३ पासून मध्य प्रांताला जोडून कारभार नागपूरहून चालू लागला आणि १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात गेलो. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणत सगळ्यांनी इथला कापूस नेला, पण त्या कापसाचं काय करायचं हे ठरवणारी माणसं नेहमी दुसरीकडे बसलेली असायची. स्वातंत्र्याच्या अगदी आठवडाभर आधी, ८ ऑगस्ट १९४७ला, आमच्याच गावात अकोला करार झाला. मराठी माणसांचा एकच प्रांत व्हावा, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, दोघांची विधिमंडळं वेगळी असावीत, असं त्यात ठरलं होतं. तसं काही घडलं नाही. १९५३च्या नागपूर करारातून हाती आलं ते वर्षातून एकदा नागपुरात भरणारं अधिवेशन.

राजधानी जवळ आली की प्रश्न सुटतील, असं मीही बरीच वर्षं मानत आलो. अंतराचं खरं रूप मला पुढे आमच्या महानगरपालिकेनेच दाखवलं. २००१ साली अकोल्याला महानगरपालिका मिळाली. तिची इमारत घरून चालत जाण्याइतकी जवळ. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. या शहराला त्या काळात एकही निवडून दिलेला नगरसेवक नव्हता. प्रशासक मेहनती असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो. पण गल्लीतली बाई त्याला चौकात गाठून “भाऊ, आमच्या नालीचं काय केलं?” असं विचारू शकत नाही. इमारत जवळ असूनही सरकार लांब असू शकतं. ज्याला जाब विचारता येतो ते सरकार जवळचं, मग ते कितीही किलोमीटरवर असो.

२. आमच्या माणसांना संघटन शिकवायला जाऊ नये. त्यांना ते येतं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराची कावड निघते. १९४४ साली पाऊस रुसला होता. तेव्हा जुन्या शहरातले काही तरुण पायी पूर्णा नदीवर गांधीग्रामला गेले, कावडीने पाणी आणलं आणि महादेवाला अभिषेक केला, अशी तिची सुरुवात सांगतात. अंतर अठरा किलोमीटरच्या आसपास. ती परंपरा अजून चालू आहे आणि दरवर्षी वाढतेच आहे. रविवारी रात्री गांधीग्रामला भरणे, म्हणजे पाण्याचे घडे, भरायचे आणि रात्रभर चालत सोमवारी शहरात पोचायचं. एका लांबलचक चौकटीला शेकडो भरणे बांधलेले असतात. ती एकट्यादुकट्याला हलवणंही शक्य नाही. शेकडो खांदे लागतात आणि चालता चालता ते बदलावे लागतात. कोण कुठे खांदा देणार, चढावर कोण पुढे येणार, कोणाचा पाय सोलला, पाणी कुठे ठेवायचं, फराळ कुठे द्यायचा, हे सगळं आधी ठरलेलं असतं. आणि ते ठरवतं कोण? डाबकी रोडवरचं, हरिहरपेठेतलं, गल्लीगल्लीतलं मंडळ. वर्गणी गल्लीतून गोळा होते. चौकट बांधणारा गल्लीतला, वेल्डिंग करणारा गल्लीतला, रस्त्यात पाय चेपून देणारे म्हातारेही गल्लीतलेच. पोलीस बंदोबस्त ठेवतात, वाहतूक वळवतात, ते त्यांचं काम नीट करतात. पण कावड काढा असा आदेश गेल्या ऐंशी वर्षांत कोणी काढलेला नाही आणि आदेश नाही म्हणून ती कधी थांबलेली नाही.

लहानपणी मला यात फक्त भक्ती दिसायची. ‘हर्र बोला महादेव’ची आरोळी कानावर पडली की आजही अंगावर काटा येतो, ते वेगळं. पण वय वाढलं तसं त्यातलं दुसरं काही दिसू लागलं. ज्याला कोणी कामावर ठेवत नाही असा पोरगा इथे पन्नास जणांच्या खांदेपालटीची जबाबदारी घेतो आणि ती चोख पार पाडतो. ज्याला चार ओळींचा अर्ज लिहिता येत नाही, तो हजारो रुपयांच्या वर्गणीचा हिशेब तोंडपाठ सांगतो. मग एक प्रश्न मला बरीच वर्षं छळत राहिला. एवढं वजन एवढ्या लांबून आणणाऱ्या याच गल्लीत, दर पावसाळ्यात तीच नाली का तुंबते?

३. त्याचं अर्धं उत्तर मला मोर्नेत मिळालं. २०१८च्या जानेवारीत जिल्हा प्रशासनाने मोर्ना स्वच्छता मोहीम हाती घेतली. १३ तारखेला चार किलोमीटरच्या पट्ट्यात, दोन्ही काठांवर चौदा ठिकाणी माणसं नदीत उतरली. सहा हजारांहून जास्त अकोलेकर आणि शंभरावर संस्था त्यात होत्या. त्या महिन्याच्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये अकोल्याचं नाव घेतलं. मीही गेलो होतो. गुडघाभर गाळ, त्यात जलकुंभीच्या मुळांचा गुंता. एका बाजूला कॉलेजची मुलं, दुसऱ्या बाजूला नऊवारीतल्या आज्या. ज्यांना मी वर्षानुवर्षं फक्त मोटारीच्या काचेआडून पाहत होतो ती माणसंही चिखलात उभी होती. पुढच्या शनिवारीही लोक आले. त्या दिवसांत पुलावरून जाणारा प्रत्येक जण थांबून खाली पाहायचा, कारण खाली पाणी दिसत होतं.

जलकुंभी परत आली. येणारच होती. ही वनस्पती अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि तिला वाढायला लागतं ते सगळं शहराच्या सांडपाण्यात असतं. आपण हातांनी वनस्पती काढतो, पण नाले नदीत सोडणारी तोंडं तशीच राहतात. ती बंद करायला भूमिगत गटार लागतं, शुद्धीकरण केंद्र लागतं, म्हणजे कोट्यवधींचा निधी आणि तो कुठे खर्च करायचा हे ठरवण्याचा अधिकार लागतो. श्रमदानात हात असतात, अधिकार नसतो. म्हणून माणसं दमली तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. कावडीचा रस्ता, वेळ, वजन सगळं लोकांनी ठरवलेलं असतं आणि म्हणून ती टिकते. मोर्नेत लोकांनी फक्त घाम दिला. कुठला नाला आधी वळवायचा हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मेहनत आमची आणि निर्णय दुसऱ्याचा, अशी मोहीम पहिल्या उत्साहावर चालते. पुढे ओढून न्यावी लागते.

४. हक्क मिळाला की तीच माणसं वेगळी वागतात, हे पाहायला विदर्भाबाहेर जावं लागत नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांना माहीत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. ती नुसती घोषणा राहिली नाही, कारण निर्णय सर्वसहमतीने घ्यायची सवय गावाने आधी स्वतःला लावून घेतली. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क गावाला मिळाला. तरी स्वतःचा बांबू विकायला लागणाऱ्या वाहतूक परवान्यासाठी भांडावं लागलं आणि एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री व मुख्यमंत्री गावात आले तेव्हा ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुस्तक. इतक्या वर्षांची चळवळ, आणि शेवटी प्रश्न होता परवान्यावर सही कोण करणार हाच.

आमच्या जवळचं उदाहरण म्हणजे अचलपूर तालुक्यातलं पायविहीर. बोडक्या झालेल्या डोंगरावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, लोकांनी चराई थांबवली, झाडं लावली, सीताफळं राखली आणि ती विकून गावाच्या हाती पैसा आला. डोंगर तोच आणि माणसंही तीच. फक्त आता झाड तोडलं तर स्वतःचं नुकसान होतं.

५. शहरातल्या माणसाला गावातल्या माणसाचा हेवा वाटावा अशी एक गोष्ट कायद्यातच आहे. गावाला ग्रामसभा आहे. वर्षातून काही वेळा अख्खं गाव कायद्याने एकत्र बसू शकतं आणि ठराव करू शकतं. माझ्या गल्लीत गावाएवढी माणसं राहतात, पण आम्हाला बसण्याची अशी जागा नाही. ७४वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, प्रभाग समित्या आल्या. मतदान केंद्राच्या आसपासच्या वस्तीची क्षेत्रसभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राने २००९ साली महानगरपालिका कायद्यात केली. ती वाचली तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो. आमच्या पोळा चौकाला स्वतःची सभा असू शकते! मग ओळखीतल्या लोकांना विचारत गेलो. कोणत्याही शहरात अशी सभा नियमाने भरताना कोणी पाहिली नव्हती. कायदा आहे, त्याचा वापर नाही. अकोला करारापासून आजवर आपल्याकडे हेच होत आलं आहे. अधिकार खाली येतो असं कागदावर लिहिलं जातं आणि मध्येच कुठल्या तरी पायरीवर तो थांबतो.

६. आमच्या भागाचा खरा पाणीपुरवठा अभियंता कोणत्याही कचेरीत बसत नाही. अकोल्याला पाणी येतं ते महानच्या काटेपूर्णा धरणातून. पाऊस कमी झाला की नळ किती दिवसांनी येणार हा घराघरातला पहिला प्रश्न होतो. त्याचं उत्तर मला आजवर कुठल्याही जाहीर सूचनेपेक्षा आधी समोरच्या काकूंकडून मिळालं आहे. कोणत्या भागात काल पाणी सुटलं, मग आपल्याकडे कधी, धार बारीक असेल तर कोणाच्या घरी आधी भरायचं, कोणाकडे बाळंतीण आहे म्हणून तिच्या दोन बादल्या जास्त, हे सगळं बायका आपसात ठरवतात. लिहून काही नसतं आणि भांडणही क्वचितच होतं. मंडळाच्या बैठकीत मात्र या बायका नसतात. कावडीच्या नियोजनात पुरुष, नदीच्या मोहिमेच्या फोटोत पुरुष पुढे, आणि रोजचं पाणी सांभाळणाऱ्या मागच्या ओळीत. गल्ली आपल्या पायावर उभी आहे असं आपण म्हणतो तेव्हा ते पाय कोणाचे आहेत हे मला फार उशिरा दिसलं, आणि दिसल्यावर मान खाली गेली.

पाण्याबद्दल आणखी एक. उत्तरेकडे गेलं की पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा लागतो. तिथल्या विहिरींचं पाणी खारट. पिण्याला नाही, ओलिताला नाही. एप्रिल १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह करायचा ठरलं. आता वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? तर माणसं दहीहंड्याला गेली आणि त्याच खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडला. पिढ्यान्पिढ्या ज्या पाण्याला शिव्या घातल्या ते त्या दिवशी उपयोगी पडलं. जे आपल्याजवळ आहे त्याकडे नीट पाहिलं पाहिजे, हे मला शाळेतल्या इतिहासापेक्षा या एका विहिरीने जास्त शिकवलं.

७. संकटात जवळचा कोण हे आधी सांगता येत नाही. २०२०च्या उन्हाळ्यात अकोला करोनाने होरपळत होतं. माणसं मृतदेहाजवळ जायला घाबरत होती, काही ठिकाणी तर घरचेही. तेव्हा अकोल्याच्या कच्छी मेमन जमातीच्या लोकांनी अंत्यसंस्काराची जबाबदारी उचलली. त्यांच्या समाजातल्यांचे अंत्यसंस्कार तर केलेच, पण ज्या हिंदू मृतांना अग्नी द्यायला कोणी पुढे आलं नाही त्यांना स्मशानात नेऊन अग्नीही दिला, आणि तो हिंदू रिवाजाप्रमाणे दिला. त्या कामाला कोणत्याही योजनेत नाव नव्हतं. ही बातमी वाचून मी बराच वेळ काही बोललो नाही. आपल्या समाजाचं आपण पाहावं इथपर्यंत माझी समज पोचली होती. ती जमात त्याच्या पुष्कळ पुढे निघून गेली होती.

८. आणि म्हणूनच १३ मे २०२३ विसरता येत नाही. त्या रात्री जुन्या शहरात दंगल उसळली. समाजमाध्यमावरच्या एका मजकुराचं निमित्त झालं, दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका माणसाचा जीव गेला. संचारबंदी लागली, बाहेरून पोलीस तुकड्या आल्या. त्या रात्री मी दाराची कडी लावून बसलो होतो आणि मनापासून सरकारची वाट पाहत होतो. लांबचं सरकार, ज्याच्याबद्दल आयुष्यभर तक्रार केली, तेच मला हवं होतं.

स्थानिक स्वावलंबनाबद्दल गोड बोलणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. गल्ली आतून जितकी घट्ट असते तितकी ती शेजारच्या गल्लीसाठी भिंत होऊ शकते. शेकडो खांदे एका तालात चालवणारं संघटन आणि एका हाकेसरशी दगड घेऊन धावणारं संघटन यांची ताकद एकाच ठिकाणाहून येते. एका वस्तीचा दुसऱ्या वस्तीवर विश्वास उरला नाही की मध्ये उभं राहणारं, दोघांपैकी कोणाचंच नसलेलं कोणीतरी लागतं. ते काम राज्यसंस्थेचं आहे आणि ते तिच्याकडून घट्ट धरून मागितलं पाहिजे. नालीचा उतार आम्ही ठरवू, रात्री निर्धास्त झोपण्याची हमी तुम्ही द्या, अशी ही वाटणी मला आता योग्य वाटते.

९. हिशेब भिंतीवर लावला की माणसं पैसे देतात. याच मातीत फिरलेल्या गाडगेबाबांचं चरित्र वाचताना लोकांचं लक्ष झाडूवर जातं, माझं हिशेबावर जातं. लोकांच्या पैशातून त्यांनी धर्मशाळा, गोशाळा, सदावर्तं उभी केली, ती विश्वस्तांच्या हाती सोपवली आणि स्वतः कशातच राहिले नाहीत. मूर्तिजापूरला त्यांचं काम आजही दिसतं. आमच्या मंडळातल्या पोरांनी मागे चौकातल्या फळ्यावर वर्गणी आणि खर्च लिहायला सुरुवात केली. कोणी किती दिले हे नाही लिहिलं, फक्त एकूण जमा आणि एकेक खर्च. पुढच्या वर्षी वर्गणी मागायला फिरावं लागलं नाही, लोक फळ्याजवळ येऊन देऊन गेले. उरलेल्या पैशाचं काय करायचं यावर वाद झाला. तो व्हायलाच हवा होता, आणि तो फळ्यासमोर, सगळ्यांदेखत झाला. ठरलं की सार्वजनिक विहिरीचा गाळ काढायचा.

१०. क्षेत्रसभेची तरतूद मी मंडळातल्या पोरांना वाचून दाखवली, तेव्हा एकाने विचारलं, “काकाजी, पण आपल्याले बसाले कोनाची परवानगी लागते?” मी विचार केला. अधिकृत सभेला लागेल. आपसात बसायला कोणाचीच लागत नाही. मग मंदिराच्या ओसरीवर बसलो. या वेळी बायकांना निरोप वेगळा गेला आणि त्या आल्या, समोरच्या काकू सगळ्यांत पुढे. पहिला विषय नालीचा. उतार चुकीच्या बाजूला काढलाय हे त्यांना कधीचं माहीत होतं, कारण तुंबलेलं पाणी आधी त्यांच्या उंबऱ्याला लागतं. कुठे खोदायचं, किती खोदायचं, मध्ये येणारी कोणाची पायरी काढावी लागेल, हे खडूने फरशीवर काढून झालं. नगरसेवकाकडे न्यायचं निवेदन त्याच नकाशासह लिहिलं. त्यात विनंतीआधी आम्ही काय करणार ते लिहिलं आणि मग कोणती पाइप, किती व्यासाची, महापालिकेने द्यावी ते. पायरीचा मालक अजून तयार नाही. त्याच्याकडे उद्या काकू जाणार आहेत.